जुन्या जीपचं पासिंग: ३० दिवसांची तयारी आणि १२ महिन्यांचा हिशोब



आजचा धडा जीपवाल्यांसाठी आहे. काठी, मोलगी, धडगाव या पट्ट्यात एक जुनी जीप म्हणजे एक पूर्ण धंदा असतो. कमांडर असो, मॅक्स असो, ट्रॅक्स असो की जुनी बोलेरो, तिच्यावर एका घराचा किराणा, पोरांची फी आणि बँकेचा हप्ता चालतो. दुकानाला जसं लायसन लागतं, तसं या धंद्याचं लायसन म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट. आपण त्याला साध्या भाषेत 'पासिंग' म्हणतो.

दुकानाच्या काउंटरवर मला दर महिन्याला एक वाक्य ऐकायला मिळतं, "दादा, उद्या पासिंग आहे, आज सगळं लावून द्या." एका दिवसात ब्रेक, लाईट, टायर, धूर, कागद सगळं होत नाही. घाईत पार्ट महाग पडतो, मेकॅनिक मिळत नाही, आणि गाडी नंदुरबारहून परत येते. म्हणून आज दोन गोष्टी शिकू. पहिली, गाडी ३० दिवसांत तयार कशी करायची. दुसरी, त्याचा पैसा वर्षभरात कसा बाजूला काढायचा. वही-पेन घेऊन बसा.

१. पासिंग कोणाला आणि कधी लागतं?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५६ सांगतं, की वाहतुकीच्या गाडीकडे चालू फिटनेस नसेल तर तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. म्हणजे आरसी बुक खिशात असूनही गाडी कायद्याने 'बिनानोंदणीची' ठरते.

मुदतीचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे:

- पिवळ्या पाटीची म्हणजे भाड्याची गाडी ८ वर्षांची होईपर्यंत फिटनेस २ वर्षांचं मिळतं.
- ८ वर्षं झाली की दर वर्षी पासिंग.
- पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी दाखवून ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं.

आपल्या डोंगरातल्या बहुतेक जीपा ८ वर्षांच्या पुढच्या आहेत. म्हणजे दर वर्षी एकदा परीक्षा. परीक्षेची तारीख वर्षभर आधी माहीत असते, पेपरात काय येणार तेही माहीत असतं. तरी आपण आदल्या रात्री अभ्यास करतो, एवढंच.

आणि एक स्पष्ट सांगतो. पांढऱ्या पाटीच्या जीपमध्ये भाड्याने माणसं भरत असाल, तर पासिंगचा प्रश्न नंतरचा. तो धंदाच परवान्याशिवाय चाललाय. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला मुद्दा हाच काढणार.

२. तारीख तुम्ही निवडा, तारखेला तुम्हाला निवडू देऊ नका

आरसी किंवा फिटनेसच्या कागदावरची मुदत आत्ता बघा आणि ती तुमच्या धंद्याच्या कॅलेंडरवर मांडा.

आपल्याकडे कमाईचे दिवस कोणते? होळीच्या आधीचे भोंगऱ्या बाजार. मग काठीची राजवाडी होळी. त्या रात्री सातपुड्यातून आणि गुजरात, मध्य प्रदेशातूनही माणूस येतो. मग उन्हाळ्यातली लग्नं, आमचूरचा हंगाम, दिवाळीच्या आधी मजुरीहून परत येणारे लोक. या दिवसांत जीप आरटीओच्या आवारात उभी राहिली तर गेलेली कमाई परत येत नाही.

मुदत फाल्गुनात संपत असेल तर काम माघातच उरका. पुढच्या मुदतीत चार दिवस कमी मिळाले तरी चालतील. आणि मुदत पावसाळ्यात संपत असेल तर रस्ता बंद पडण्याचा हिशोब धरा. देवगोई घाटात किंवा चांदसैली घाटात दरड आली, तर तुमची अपॉइंटमेंट तुमच्यासाठी थांबत नाही.

उशीर झाला तर काय? केंद्रीय नियमात मुदतीनंतर दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद आहे. त्यावरून २०२४ मध्ये महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी आंदोलनंही केली. तुमच्या गाडीवर आज काय लागतंय ते परिवहन पोर्टलवर गाडी नंबर टाकून बघा. ऐकीव आकड्यावर जाऊ नका. शिवाय जुन्या गाडीची फी नव्या गाडीपेक्षा जास्त असते आणि ती वेळोवेळी बदलते. मागच्या वर्षीची पावती यंदाचा दर सांगत नाही.

३. कागदांचा क्रम

कागद सगळ्यांना माहीत असतात, चुकतो तो क्रम. असा क्रम ठेवा:

१) मोबाईल नंबर. गाडीच्या नोंदीला तुमचा चालू नंबर जोडलेला आहे का? ओटीपी जुन्या सिमवर जात असेल तर पुढचं काहीच होणार नाही.

२) कर आणि चलन. रोड टॅक्स भरलेला हवा. महाराष्ट्रात ८ वर्षांवरच्या वाहतूक गाडीला आणि १५ वर्षांवरच्या खासगी गाडीला पर्यावरण कर वेगळा लागतो. तो हमखास विसरला जातो. बाकी असलेली ई-चलनंही बघून घ्या.

३) विमा. मुदत तपासा, आणि पॉलिसीवरचा इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीटसंख्या आरसीशी जुळते का ते अक्षर-अक्षर बघा.

४) परवाना. त्याची मुदत वेगळी असते, फिटनेसबरोबर संपेलच असं नाही.

५) एचएसआरपी पाटी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही ही पाटी बंधनकारक केली आहे. बुकिंग करून पाटी हातात यायला दिवस लागतात, म्हणून हे पहिल्याच आठवड्यात.

६) पीयूसी. हे सगळ्यात शेवटी, इंजिनचं काम झाल्यावर. आधी काढून ठेवलेलं पीयूसी आणि प्रत्यक्षात काळा धूर, असं दिसलं तर कागद असून नसल्यासारखा.

सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा आणि झेरॉक्सचा एक संच गाडीत. डोंगरात रेंज नसते, त्यामुळे 'ऑनलाईन आहे ना साहेब' म्हणून भागत नाही.

४. आता गाडी: पहिलं काम धुणं

आपल्या गाड्या माती, चिखल, नाल्याचं पाणी यातून जातात. खालून इंचभर चिखल बसलेला असतो. त्याच्याखाली गळती, तडा, सैल बोल्ट काहीच दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवशी गाडी खालून प्रेशरने धुवून घ्या, एक दिवस चालवा आणि मग बघा. जिथे ताजं तेल दिसेल तिथे गळती आहे. हा सगळ्यात स्वस्त तपास.

आणि कृपा करून, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी जाऊ नका. खाली स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावा, चाकांना दगड लावा, मगच आत.

*ब्रेक*

इथे थांबून वाचा. पासिंगमध्ये सर्वांत जास्त वजन याला आहे आणि घाटात तर विचारूच नका. फिटनेसची ब्रेक तपासणी खऱ्या ट्रॅकवर व्हावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २५० मीटरच्या टेस्ट ट्रॅकचा आग्रह धरला, तो उगाच नाही. ऑटोमॅटिक केंद्रात गाडी रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात. तिथे 'लागतो की साहेब' चालत नाही, मशीन आकडा दाखवतं.

जुन्या जीपमध्ये ब्रेकच्या चार तक्रारी असतात:

- *पॅडल खाली जातं, दोनदा दाबावं लागतं.* लायनर झिजलेत, शू सेट केलेले नाहीत, किंवा लाईनमध्ये हवा आहे. आधी शू सेट करा, मग ब्लीडिंग. ब्लीडिंग करताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा आणि जवळच्या चाकाकडे या.
- *गाडी एका बाजूला ओढते.* एका चाकाचा शू तेलकट झालाय किंवा व्हील सिलेंडर अडकलाय. मागच्या ॲक्सलचं ऑइल सील गळून शू भिजणं हे जुन्या गाडीचं नेहमीचं दुखणं. तेलात भिजलेला लायनर घासून परत लावू नका. सील बदला आणि दोन्ही बाजूंचे लायनर बदला. एकाच बाजूचा बदलला तर ओढणं तसंच राहील.
- *घाट उतरताना ब्रेक मऊ पडतो.* ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ऑइल तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पॅडल थेट जमिनीला टेकतं. ऑइलचा रंग चहासारखा झाला असेल तर पूर्ण बदला. डबीवर आणि झाकणावर लिहिलेला ग्रेडच घाला, वेगवेगळे प्रकार मिसळू नका. आणि उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची सवय तुमचे लायनर वाचवते.
- *हँडब्रेक नावापुरता.* चढावर गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, फक्त हँडब्रेकवर थांबते का बघा. केबल ताणलेली असेल तर बदला. चाकाखाली दगड ठेवायला क्लीनर आहे म्हणून हँडब्रेक नको, असं नियमात कुठे लिहिलेलं नाही.

ड्रम उघडले की आतली बारीक धूळ हवेने फुंकू नका. ती फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा. हे मेकॅनिकला सांगा, त्याच्या पोरालाही सांगा.

तुमची गाडी फोर व्हील ड्राईव्हची असेल तर एक खास सूचना. रोलरवर घेण्याआधी गाडी टू व्हील ड्राईव्हमध्ये आहे याची खात्री करा, आणि पुढच्या चाकांना लॉकिंग हब असतील तर ते फ्री करा. फोर व्हील लागलेली गाडी रोलरवर चढवली तर गाडी उडी मारून पुढे जाऊ शकते. तपासणाऱ्याला आधी सांगा, 'साहेब, गाडी फोर बाय फोर आहे.' लिव्हर अडकत असेल तर आठवडाभर आधी मोकळा करून घ्या.

*स्टिअरिंग आणि सस्पेन्शन*

इंजिन बंद, चाकं सरळ. स्टिअरिंग हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवा. चाक न हलता स्टिअरिंग बरंच फिरत असेल तर प्ले जास्त आहे. एकाने स्टिअरिंग हलवायचं, दुसऱ्याने खालून टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक आणि गिअर बॉक्सचे बोल्ट बघायचे. मग पुढचं चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. हललं तर बेअरिंग, किंग पिन किंवा बॉल जॉइंट.

पाट्यांमध्ये मोडलेलं पान आहे का, मधला बोल्ट तुटलाय का, यू-बोल्ट सैल आहेत का, शॅकलचे बुश संपलेत का ते बघा. जादा माल भरायला म्हणून पाट्यात एक पान वाढवलेलं असतं. ते तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि चेसिसला तडा जायचं कारणही बऱ्याचदा तेच असतं.

*टायर*

चारचाकीला टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. मोजपट्टी नसली तरी चालेल. टायरच्या खाचांमध्ये छोटे आडवे उंचवटे असतात. रबर त्या उंचवट्यापर्यंत घासलं म्हणजे टायर संपला. एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे हवेत. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा मोठे, बाहेर आलेले टायर डोंगरात रुबाबदार दिसतात, पासिंगला अडचण करतात. स्टेपनी, जॅक, पाना तपासायचं विसरू नका.

*लाईट, हॉर्न, वायपर*

सगळ्यात स्वस्त वस्तू याच, आणि गाड्या जास्त परत येतात त्याही याच्यासाठी. यादी करून एकाने गाडीत बसा आणि एकाने बाहेर फिरा: हेडलाईट अप्पर-डिप्पर, पार्किंग, चारही इंडिकेटर, ब्रेक लाईट, रिव्हर्स लाईट, नंबर पाटीचा दिवा, हॉर्न, वायपर. लाईट मंद असेल तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंगची वायर घासून घट्ट करा. जुन्या जीपमध्ये अर्धी दुखणी अर्थिंगची असतात. टपावरचे जादा एलईडी बार, प्रेशर हॉर्न आणि पुढचा लोखंडी गार्ड काढून ठेवा. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही.

परावर्तक पट्टी, जिला आपण रेडियम म्हणतो, ती मान्यताप्राप्त शिक्क्याची हवी. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. बाजारातली साधी चमकी पट्टी चालत नाही. पैसे वाचतात २००, खेप वाया जाते पूर्ण दिवसाची.

*सीट आणि स्पीड गव्हर्नर*

आरसीवर जेवढ्या सीट, तेवढ्याच गाडीत. मागे लावलेला जादा लाकडी बाक काढा. चालक सोडून ८ पर्यंत प्रवाशांच्या छोट्या गाडीला स्पीड गव्हर्नरची सूट आहे. ९+१ ची जीप या सुटीत बसत नाही. तुमच्या आरसीवर आकडा चालकासह आहे की सोडून, ते नीट वाचा. गव्हर्नर असेल तर सील शाबूत आणि सर्टिफिकेट चालू हवं. प्रथमोपचार पेटी आणि आग विझवायच्या सिलेंडरची तारीखही बघून ठेवा.

*धूर*

डिझेल गाडीची चाचणी उभ्या गाडीवर, ॲक्सिलरेटर जोरात पूर्ण दाबून होते. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा २.४५ आहे, बीएस-४ च्या गाडीला १.६२. तुमच्या रिपोर्टवर हाच आकडा शोधा.

धूर काळा असेल तर आधी एअर फिल्टर. आपल्या धुळीत तो कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या फार आधी भरतो. मग डिझेल फिल्टर, मग नोझल, आणि शेवटी पंप. स्वस्ताकडून महागाकडे जा, उलटं नको. निळा धूर असेल तर इंजिन ऑइल जळतंय, तो खर्च वेगळा आणि मोठा. चाचणीला जाताना इंजिन पूर्ण तापलेलं असू द्या. थंड इंजिनवर आकडा वाईट येतो. आणि इंजिन ऑइलची पातळी व टायमिंग बेल्टची अवस्था आधी बघा, कारण त्या चाचणीत इंजिन पूर्ण जोरात फिरतं.

*चेसिस नंबर*

नंबरची पेन्सिल छाप घ्यावी लागते. १५ वर्षांच्या गाडीत नंबरावर गंज आणि रंगाचे थर असतात. डिझेलचं फडकं आणि मऊ ब्रश वापरा. ग्राइंडर, पॉलिश पेपर, छिन्नी अजिबात नाही. एक आकडा पुसला गेला तर गाडी संशयात येते आणि ते प्रकरण पासिंगपेक्षा कितीतरी मोठं होतं. स्वच्छ झाल्यावर वर थोडं ग्रीस लावून ठेवा.

५. बारा महिन्यांचा हिशोब

आता धंद्याचा भाग. खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही टाका.

- दुरुस्ती आणि पार्ट: १५,०००
- विमा: २४,०००
- कर, फी, पीयूसी: ६,०००
- बुडालेले २ दिवस (रोज १,५००): ३,०००
- एकूण: ४८,०००

४८ हजार एकदम म्हटलं की पोटात गोळा येतो. आता भागा. १२ महिन्यांनी भागलं तर महिन्याला ४,०००. महिन्यात २५ दिवस गाडी चालते, तर दिवसाला १६०. दिवसभरात २७ प्रवासी बसले तर एका प्रवाशामागे साधारण ६ रुपये. म्हणजे तुमच्या प्रत्येक तिकिटातले ६ रुपये तुमचे नाहीतच. ते पासिंगचे आहेत. ते घरखर्चात गेले, तर वर्षाच्या शेवटी कोणाकडे तरी हात पसरावा लागणार.

हात पसरल्यावर काय होतं? ४८ हजार महिना ३ टक्क्याने घेतले तर व्याज महिन्याला १,४४०. सहा महिन्यांनी फेडलं तर ८,६४०. म्हणजे एका जोडी चांगल्या टायरच्या दिशेने जाणारा पैसा व्याजात गेला.

उपाय साधा आहे. पोस्टात किंवा बँकेत वेगळं खातं, नाव काहीही असो, मनात नाव 'पासिंग'. दर आठवडी बाजाराच्या दिवशी १,००० रुपये त्यात. ५२ आठवड्यांत ५२ हजार. वरचे ४ हजार अचानक निघणाऱ्या कामासाठी. पावसाळ्यात धंदा मंद असेल तेव्हा ५०० टाका आणि होळी-लग्नसराईत १,५००. रक्कम बदलली तरी चालेल, आठवडा चुकवायचा नाही.

६. 'दादा, एजंटला दिलं की काम होतं ना?'

हा प्रश्न येणारच, म्हणून सरळ उत्तर. फॉर्म भरायला, अपॉइंटमेंट घ्यायला कोणाची मदत घेतली आणि त्याचे पैसे दिले, त्यात गैर काही नाही. काठीहून मोलगी, अक्कलकुवा, तळोदा करत नंदुरबारला दोन खेपा मारण्यापेक्षा ते स्वस्तही पडतं. पण 'गाडी न दाखवता कागद आणून देतो' असं कोणी म्हणालं तर लांब राहा.

कारण बघा. विनाफिटनेस गाडी पकडली तर कलम १९२ खाली दंड ५ हजारांपर्यंत, पुन्हा पकडली तर १० हजारांपर्यंत आणि शिक्षेचीही तरतूद आहे. ते एकवेळ भरून निघेल. पण अपघात झाला आणि फिटनेस नाही किंवा खोटं निघालं, तर विमा कंपनी जबाबदारी नाकारायला बघते. अशा प्रकरणांत कोर्ट कंपनीला जखमींना पैसे द्यायला लावून ते मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. मग गाडी, शेत, घर सगळं त्या एका कागदावर लटकतं.

आणि ते सगळं सोडा. गाडीत बसणारं माणूस कोण आहे? दवाखान्यात निघालेली गावातली बाई, आश्रमशाळेतून सुट्टीला येणारी पोरं, बाजाराला निघालेला शेजारी. खोट्या कागदाने देवगोईच्या उतारावर ब्रेक लागत नाही.

७. नापास झाली तर

वाद घालू नका. कारणं लेखी घ्या किंवा रिपोर्टचा फोटो काढा. 'ब्रेकमध्ये प्रॉब्लेम आहे' एवढ्यावर मेकॅनिककडे जाऊ नका. कुठल्या चाकाला, किती, ते बघा. तेवढंच काम करा, बिल घ्या आणि पुन्हा दाखवा. या काळात भाडं मारू नका. मुदत शिल्लक असतानाच गाडी दाखवायला न्यायचं खरं कारण हे आहे: नापास झाली तरी दुरुस्तीला दिवस हातात राहतात.

८. ठेवायची की काढायची?

मागच्या ३ वर्षांच्या पासिंगचा दुरुस्ती खर्च एका ओळीत लिहा. १२ हजार, १५ हजार, १६ हजार असा असेल तर गाडी म्हातारी आहे, पण निरोगी आहे. १२, २५, ४५ असा असेल तर गाडी तुम्हाला सांगतेय. चेसिस गंजून तडे गेले असतील किंवा इंजिन ऑइल जळत असेल, तर पुढच्या वर्षीच्या खर्चाची तुलना नव्या (किंवा कमी जुन्या) गाडीच्या हप्त्याशी करा.

भंगारात द्यायची ठरली तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नवी गाडी घेताना मोटार वाहन करात सवलत मिळू शकते. केंद्रीय नियमात वाहतूक गाडीसाठी ती १५ टक्क्यांपर्यंत आणि खासगीसाठी २५ टक्क्यांपर्यंत आहे. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली तर ही सवलत नाही, आणि गाडीची नोंद तुमच्याच नावावर राहते. उद्या तिचा नंबर कुठे वापरला गेला तर बोलावणं तुम्हाला.

९. ३० दिवसांचा आराखडा (वहीत उतरवा)

- दिवस ३० ते २५: मुदत, कर, चलन, विमा, परवाना तपासा. मोबाईल नंबर जुळवा. एचएसआरपी नसेल तर बुकिंग. गाडी खालून धुवा.
- दिवस २४ ते १८: पूर्ण तपासणी करून यादी. प्रत्येक कामापुढे 'सुरक्षेचं', 'पासिंगचं', 'दिसण्याचं' असं लिहा. पैसे या क्रमाने खर्च करा. रंगकाम सगळ्यात शेवटी.
- दिवस १७ ते १०: ब्रेक, स्टिअरिंग, पाटे, टायर. ही कामं एकाच वेळी, म्हणजे गाडी एकदाच उभी राहील. भाडं कमी असलेला दिवस निवडा.
- दिवस ९ ते ६: वायरिंग, लाईट, रेडियम, चेसिस नंबर साफ. फिल्टर, नोझल, ऑइल.
- दिवस ५: भरलेल्या गाडीने घाट चढून-उतरून बघा. पॅडल, ओढणं, आवाज, तापमान.
- दिवस ४: पीयूसी.
- त्यानंतर अपॉइंटमेंटचा दिवस: आदल्या संध्याकाळी लाईटची यादी पुन्हा. सकाळी निघताना जादा बल्ब, फ्यूज, पाना, कागदांचा संच. काठीहून अंधारात निघावं लागलं तरी चालेल, पण नंदुरबारला वेळेआधी पोचा. पोचल्यावर गाडी पुसा, नंबर पाटी पुसा.

अपॉइंटमेंट घेताना परिवहन पोर्टलवर तुमच्या गाडीसाठी कुठलं केंद्र दाखवतंय ते बघा. ऑटोमॅटिक केंद्रांची व्यवस्था जिल्ह्या-जिल्ह्यात वाढतेय, मागच्या वर्षीचं ठिकाणच यंदा असेल असं धरू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

एक, फिटनेसची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि ३० दिवस आधीची आठवण लावा. दोन, मागच्या पासिंगचा एकूण खर्च आठवून लिहा, बुडालेले दिवस धरून. तीन, त्याला ५२ ने भागा. जो आकडा येईल तो या बाजाराच्या दिवसापासून बाजूला टाकायला सुरुवात करा.

ज्यांच्याकडे एकापेक्षा जास्त गाड्या आहेत त्यांनी सगळ्यांच्या तारखा एका पानावर मांडा. दोन गाड्या एकाच महिन्यात पासिंगला येत असतील तर पुढच्या वेळी एकीचं काम आधी उरकून तारखा वेगळ्या करा. म्हणजे एक गाडी उभी असली तरी दुसरी घर चालवेल.

पुढच्या धड्यात चालक पगारी ठेवायचा की रोजच्या ठराविक रकमेवर, याचा हिशोब करू. तोपर्यंत ब्रेक ऑइलची डबी उघडून रंग तेवढा बघून घ्या.